सात वाजून वीस मिनिटे

पहिल्या भेटीत ते कोणाचे नाव विचारत नसत. जन्मवेळ विचारत. परभणीच्या आमच्या कार्यालयात ते प्रथम आले तेव्हा मी जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होतो आणि रविवारची पुरवणी माझ्याकडे होती. त्यांनी कथेचे पाकीट टेबलावर ठेवले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "किती वाजताचा जन्म?"

"माहीत नाही."

"आईला विचारा. त्या वेळ नाही सांगणार, काम सांगतील. कामावरनं वेळ निघते."

मी आईला विचारले नाही. रविवारी कथा छापून आली. सोमवारी ते पुन्हा हजर. कथेतल्या बाईची जन्मवेळ मी काढून टाकली होती.

"वेळ का कापली?"

"जागा नव्हती. शिवाय कथेला तिची गरज नाही."

"जागेसाठी जन्मवेळ कापता? उद्या फोटोत माणूस मावला नाही तर त्याचे पाय कापाल."

पान लावणारा ऑपरेटर मोठ्याने हसला. त्या दिवसापासून कार्यालयात त्यांचे नावच 'जन्मवेळ' पडले. ते जिना चढताना दिसले की ऑपरेटर जागेवरूनच ओरडायचा, "या सर, या! आज कोण जन्मलं?" ते न हसता उत्तर द्यायचे, "एक पोस्टमन. पहाटे चार पन्नास. सिंह रास. निभेल असं वाटत नाही."

ते एका महाविद्यालयाच्या कार्यालयात लिपिक होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेने, एक निळे आणि एक लाल. मनगटावर घड्याळ नसायचे. लग्न केले नव्हते. धाकट्या बहिणीसोबत दोन खोल्यांच्या घरात राहत. मूळ गाव जिंतूर तालुक्यातले बोरी. वडील तिथले जोशी होते. आसपासच्या गावांची लग्ने, बारशी आणि पत्रिका त्यांच्याकडे होत्या. मुलाने तो व्यवसाय केला नाही, पण त्याचे साहित्य सांभाळून ठेवले. कोऱ्या पत्रिकांचे छापील कागद, जुनी पंचांगे आणि एक लाकडी पट्टी.

या साहित्याचा उपयोग ते कथेसाठी करत. कथा सुचली की आधी प्रत्येक पात्राची पत्रिका मांडायची. लाल पेनाने कुंडलीची घरे आखायची, निळ्याने ग्रह भरायचे, खाली महादशांचा तक्ता लिहायचा. कोणता ग्रह कोणत्या वयापासून कोणत्या वयापर्यंत, असा तो तक्ता असतो. दशा ठरल्या की कथा निम्मी झाली, असे ते म्हणत. पात्राला पत्रिकेबाहेर काही करू देत नसत. एका कथेच्या शेवटी म्हातारा मेला असता तर परिणाम वाढला असता, असे मी सुचवले. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम सांगायला आले.

"रात्री पाहिलं. मरत नाही. अजून अकरा वर्षं आहेत त्याला."

मी एकदा सरळ विचारले, "तुमचा यावर विश्वास आहे?"

"अजिबात नाही," ते म्हणाले. "वडिलांचाही नव्हता. पण नसलेल्या गोष्टी ते ज्या शिस्तीनं लिहायचे, ती शिस्त मला दुसऱ्या कुठल्या पुस्तकात सापडली नाही."

वडिलांविषयी ते मोजकेच बोलत, पण एक हकीकत त्यांनी मला किमान चार वेळा सांगितली. चुडाव्याला त्यांच्या आत्याचे घर होते. वडील तिथे गेले की आसपासच्या बाया नवी बाळे घेऊन पत्रिकेसाठी येत. घड्याळ कोणाकडे नव्हते, पण स्टेशन होते. बाई सांगायची, "गाडीनं शिट्टी देली आन् लेकरू रडलं." वडील तेवढ्यावर थांबत नसत. स्टेशनवर जाऊन मास्तरला विचारत, त्या दिवशी ती गाडी किती उशिरा होती? मास्तर हैदराबादकडचे होते. एकदा वैतागून म्हणाले, "क्या महाराज, इतना तो हमारा साब भी नै पूछता." गाडी पन्नास मिनिटे उशिरा निघाली, तर मुलाच्या जन्मवेळेत पन्नास मिनिटे मिळवली जात.

"नसलेल्या गोष्टीसाठी एवढी चौकशी," ते म्हणायचे. "हे माझं शिक्षण."

त्यांच्या कथांत हे शिक्षण दिसत असे. कथा नेहमी कोणाच्या तरी कामात सुरू होई. एका घरात म्हशीची धार निघते आहे, शेजारच्या घरात कोणी जन्मते आहे. पुढे फारसे काही घडत नसे. एक बाई कशाची तरी वाट पाहते. ती गोष्ट येण्याच्या आधी कथा संपते. वाचकांची पत्रे येत, पुढे काय झाले ते लेखकाने सांगावे. मी ती त्यांना दाखवत असे. "पुढचं मला माहीत नाही," एवढेच ते म्हणत. दोन संग्रह निघाले, दोन्ही गावातल्याच छापखान्यात. जिल्ह्याबाहेर त्यांचे नाव कोणी घेतल्याचे मला आठवत नाही.

त्यांच्या निवृत्तीच्या सुमारास मी पुरवणीत लेखकांच्या जडणघडणीवर एक सदर चालवत होतो. त्यांचा लेख करायचा म्हणून कपाटातून त्यांची जुनी हस्तलिखिते काढली. सव्वीस कथा. एका बैठकीत सगळ्या वाचल्या, तेव्हा आधी कधी न दिसलेली गोष्ट दिसली. प्रत्येक कथेत एक बाई सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी जन्मलेली होती. कधी ती मुख्य पात्र होती, कधी नुसती घागर घेऊन रस्त्याने जाणारी. प्रत्येक हस्तलिखितात त्या ओळीवर काट होती. काट माझी होती. एकच ओळ सव्वीस वेळा कापून ती माझ्या ध्यानात आली नव्हती.

मुलाखतीच्या दुसऱ्या बैठकीत मी विचारले, "सात वाजून वीस मिनिटांची बाई कोण?"

"चहा घ्या," ते म्हणाले. तिसऱ्या बैठकीपर्यंत तो विषय निघाला नाही.

तिसरी बैठक एका दुपारी होती. ते वडिलांच्या पंचांगांविषयी सांगत होते. दार उघडेच होते. पन्नाशी ओलांडलेली एक बाई उंबऱ्याशी येऊन थांबली. फिकट जांभळे पातळ, रबरी चपला, हातात वायरची पिशवी.

"बोरीच्या महाराजांचं घर हेच का?"

"वडील वारले. मी त्यांचा मुलगा."

"मंग तुमी बघा. तुमाला येतच आसंल." ती आत येऊन भिंतीला टेकून बसली. खुर्ची दिली, ती घेतली नाही. "पाथरीहून आले. आमचं गाव तिथून पुढं हाय. बोरीला जाऊन तुमचा पत्ता काढला."

पिशवीतून तिने प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातून घडी घातलेला कागद. कडांना हळद लागून ती काळपट झाली होती. त्यांनी घडी उघडली. ते वाचत नव्हते, अक्षर पाहत होते. मी शेजारीच बसलो होतो. भाद्रपद वद्य सप्तमी, कृत्तिका नक्षत्र, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. अक्षर सव्वीस कथांमधून मी ओळखत होतो, फक्त इथे ते तरुण होते.

"गुरू संपत आला महाराज," ती म्हणाली. "यंदा सरतो. आन् आजून काईच न्हाई."

"तुम्हाला वाचता येतं?"

"चौथी शिकले. पण बारीक दिसत न्हाई आता. गावातल्या मास्तरकडून वाचून घेतलं व्हतं, पाठ हाय." ती म्हणू लागली. आवाज शाळेत पाढे म्हणावेत तसा होता. "राहू एकविसापासून एकुणचाळीसपस्तोर. राहूत तरास. तसं लिवलंच हाय, म्हनून सोसला. लेकरू झालं न्हाई. मालकानं दुसरी केली. म्या काय बोलले न्हाई. तिची तिन्ही बाळंतपणं म्याच केली. भाऊ दोनदा न्यायला आला. बोरीला अंगणवाडीत मदतनीसाची जागा निघाली व्हती, मला घेत व्हते. म्या म्हनलं, राहू हाय, कुटं बी गेलं तरी तेच ऱ्हानार. गुरू लागू दे. गुरूत लिवलंय, घर, मान, सर्व सुख. गुरूला सोळा वर्सं झाली." तिने त्यांच्याकडे पाहिले. "येळ चुकली का काय, तेवढं बघा. तुमचे वडील चुकनारे नव्हते."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला.

"हे वडिलांनी लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "मी लिहिलं."

मग त्यांनी सगळे सांगितले. मी त्यांना एवढे सलग बोलताना पूर्वी पाहिले नव्हते. तिचे वडील बोरीला आले तेव्हा जोशीबुवांना दिसेनासे झाले होते. पाथरीकडचे स्थळ होते आणि पत्रिकेशिवाय बोलणे नको असा मुलाकडचा निरोप होता. मुलीच्या वडिलांना जन्माची तारीख माहीत नव्हती, वारही नव्हता. 'पितरं चालू व्हती' एवढेच ते सांगत होते. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी एक जून टाकली होती. जोशीबुवा मुलाला म्हणाले, बस, लिही. नवऱ्या मुलाची पत्रिका समोर ठेव आणि तिला जुळेल अशी वेळ शोध. गावोगावचे जोशी अडलेल्या घरासाठी हे करत. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. पदवी होऊन घरी बसले होते. त्यांनी पितृपक्षाचा एकेक दिवस घेऊन पाहिला. सप्तमीला गुण जुळले, अठ्ठावीस.

"गुण जुळल्यावर काम संपलं होतं," ते म्हणाले. "पण मी पुढंही लिहीत बसलो. राहूत काय, गुरूत काय. तेवढं कोणी मागितलं नव्हतं. लिहायला बरं वाटत होतं म्हणून लिहिलं."

 आतून बहिणीने चहा आणून ठेवला.

"मंग माझा जलम कवाचा?" तिने विचारले.

"ते कोणालाच माहीत नव्हतं."

"राहू?"

"नाही."

"गुरू बी न्हाई?"

"नाही."

"मंग म्या कोनाचा राहू सोसला?"

 मी वही बंद केली. तिने चहा घेतला, कप बाजूला सरकवला, पदराने तोंड पुसले. नंतर मांडीवरच्या कागदाकडे बोट करून म्हणाली, "खाली शनी हाय. मास्तर म्हनले त्याच्यापुढं काई लिवलं न्हाई. नुसतं वय हाय."

"हो. तिथे मी थांबलो होतो."

"मंग ते लिवा."

"बाई, ते खोटं असेल."

"आधीचं बी खोटंच व्हतं. तवा लय सुचलं तुमाला."

ते उठले. कपाटातून पेने आणली, कागद लाकडी पट्टीवर ठेवला. शनीपुढे निळे पेन टेकवले. पाच मिनिटे गेली असतील. शाईचा एक ठिपका पडला.

"सुचत नाही," ते म्हणाले.

"पाचची यष्टी हाय मला." ती उठली. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. सुचलं की पोष्टानं पाठवा. गावचं नाव मागं लिवलंय." उंबऱ्यावर ती वळली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "दादा, तुमी बी पेपरात लिवता का?"

मी हो म्हणालो.

"खरं लिवत जा."

लेख ठरल्याप्रमाणे छापून आला. प्रभाव : वडील, पंचांग, चुडाव्याचे स्टेशन. आवर्ती विषय : प्रतीक्षा. त्या दुपारविषयी मी काही घेतले नाही. त्यांनी घेऊ नका असे म्हटले नव्हते. घ्या असेही म्हटले नव्हते.

नंतर त्यांची कथा आली नाही. सुरुवातीला ऑपरेटर विचारायचा, "सर, जन्मवेळ का येईनात आता? रुसलेत का?" पुढे त्यानेही सोडून दिले. मी दोनदा घरी गेलो. दोन्ही वेळा ते टेबलाशी बसलेले होते, समोर पट्टी आणि तो कागद. काय चालले आहे असे विचारले तर म्हणाले, "एक पत्र द्यायचं राहिलंय."

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी ते गेले. झोपेत गेले. बातमी मी केली, एक स्तंभ, सहा ओळी. ऑपरेटरने पान लावता लावता मान न वळवता विचारले, "जन्मवेळ टाकायची का सर? जागा हाय आज." मी त्यांच्या बहिणीला फोन केला. त्या म्हणाल्या, "दादाची पत्रिका बाबांनी कधी केलीच नाही. वेळ आम्हाला कुणाला माहीत नाही."

तेराव्यानंतर बहिणीने मला एक पिशवी दिली. त्यात त्या बाईची पत्रिका होती आणि एक दोनशे पानी वही. वहीच्या प्रत्येक पानावर वरच्या ओळीत तेच शब्द होते. 'शनी. वय पंचावन्न ते चौऱ्याहत्तर.' खाली एखादे वाक्य, त्यावर काट, आणि समासात बारीक अक्षरात प्रश्न. 'भाऊ न्यायला येईल.' काट. समासात : भाऊ अजून आहे का? 'जमिनीत वाटा मिळेल.' काट. समासात : कोण देणार? 'स्वतःची खोली होईल.' काट. समासात : कुठे? एका पानावर फक्त 'पाय दुखणार नाहीत' असे होते. त्यावरही काट होती. असे प्रश्न मी बातमीदारांच्या कॉप्यांवर आयुष्यभर लिहिले आहेत. वही शेवटच्या पानापर्यंत भरली होती. पत्रिकेवर शनीपुढे शाईचा तो एक ठिपका होता, बाकी काही नव्हते.

पत्रिका पोस्टाने पाठवता आली असती. मी पाथरीपर्यंत बसने आणि पुढे जीपने गेलो. वाटेत काय सांगायचे ते पक्के केले होते. महाराज वारले, काही लिहिले नाही, हा तुमचा कागद.

घर विचारल्यावर एका म्हाताऱ्याने विचारले, "मोठीचं का धाकलीचं?" मी मोठीचे म्हणालो. त्याने घरामागचा गोठा दाखवला. ती गोठ्याच्या सावलीत सुपात तुरी निवडत बसली होती. तिने मला ओळखले आणि सूप खाली ठेवले.

"लिवलं का त्यांनी?" मी बसायच्या आधीच तिने विचारले. "पोष्टमन मंगळवारी येतो. दर मंगळवारी इचारते. तो बी हसाया लागला आता, म्हनतो, मावशे, कोनाचं पत्र येनार हाय तुला?"

दोन वर्षांचे मंगळवार मी मनात मोजू लागलो आणि थांबलो.

"महाराज वारले," मी म्हणालो.

तिने हात जोडले. थोडा वेळ तसेच ठेवले. मग म्हणाली, "लिवून गेले का?"

खातरजमा न झालेली ओळ मी नोकरीत कधी पुढे जाऊ दिली नव्हती. मी म्हणालो, "हो."

"वाचा."

मी घडी उघडली. ती सरकून जवळ आली. कागदाकडे डोळे बारीक करून पाहू लागली. तिला तिथे काय दिसत होते ते मला सांगता येणार नाही.

"शनीत कोणाची वाट पाहू नये," मी वाचले. "पत्राची नाही, माणसाची नाही. आपण उठावं आणि जावं."

"असं लिवलंय?"

"हो."

"कुटं हाय?"

मी तिचे बोट धरून शनीपुढच्या कोऱ्या जागेवर ठेवले. तिने ते हळूहळू उजवीकडे नेले, ओळ असावी तेवढ्या अंतरापर्यंत, आणि तिथे थांबवले. पुढच्या अंगणात कोणी तरी तिला हाक मारत होते, भाकरी टाकायची वेळ झाली होती. तिने ओ दिली नाही.

"कुटं जावं?" तिने विचारले. "ते बी लिवलं आसंल की. बघा नीट."

मी पुन्हा कागदाकडे पाहिले.

"ते लिहिलेलं नाही," मी म्हणालो. एवढे खरे होते.